‘कामगंध’ या शब्दाची अडचण : उंदरांतील फेरोमोन आणि संप्रेरके (हार्मोन)

हरभऱ्यातील घाटेअळीसाठी कामगंध सापळा लावणे बेळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवे नाही. मादी पतंगाच्या स्रावाची नक्कल असलेली ल्युर टांगली की नर पतंग येऊन अडकतात. मग खानापूरकडच्या भातखाचरांचे बांध पोखरणाऱ्या उंदरांसाठी असा सापळा का असू नये, हा प्रश्न रास्त आहे. मात्र तो ज्या शब्दातून निघतो, तो शब्दच वाट चुकवतो.

‘फेरोमोन’ ही संज्ञा १९५९ साली रूढ झाली. प्राण्याने शरीराबाहेर टाकलेला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठरावीक प्रतिक्रिया घडवणारा पदार्थ, अशी तिची व्याख्या होती. त्याच वर्षी रेशीमपतंगाच्या मादीतील असा पदार्थ वेगळा काढण्यात आला, आणि भाषांनी तोच नमुना उचलला. मराठीत ‘कामगंध’ झाला, सीमेपलीकडे नव्हे तर आपल्याच गावातल्या कन्नड पत्रकांत ‘मोहक बले’, म्हणजे भुलवणारे जाळे, झाले. उंदरांच्या बाबतीत या मराठी शब्दाचे दोन्ही भाग तोकडे पडतात. १९५५ साली दिसले की माद्या एकत्र कोंडल्या तर त्यांच्या माजाचे चक्र बिघडते. १९५६ साली दिसले की नराच्या वासाने त्या माजावर येतात. आणि १९५९ साली असे आढळले की नुकत्याच फळलेल्या मादीजवळ परका नर ठेवला तर तिचा गर्भ टिकत नाही, नर खच्ची केलेला असेल तर मात्र तो टिकतो, हेही पुढे दिसले. यात ओढ लावण्याचा भाग थोडाच आहे. ‘गंध’ हा भागही अपुरा आहे, कारण यांतील कित्येक पदार्थ हवेत न उडणारी प्रथिने आहेत. कणगीच्या कडेला नराच्या मूत्राचा थेंब वाळलेला असतो, तेथे मादी थांबते, नाक प्रत्यक्ष टेकवते, आणि त्यातील पदार्थ नाकपुडीच्या तळाशी असलेल्या नळीसारख्या इंद्रियात ओढला जातो. म्हणून मी ‘फेरोमोन’ हाच शब्द ठेवतो.

व्याख्येतील ‘ठरावीक’ या शब्दावरही पुढे आक्षेप आले, आणि संप्रेरकांचा प्रश्न नेमका तिथेच उभा राहतो. १९६० च्या दशकात रॅट या मोठ्या उंदरांवर झालेल्या प्रयोगांत खच्ची केलेले, म्हणजे नर-संप्रेरके आटलेले, नर माजावरची मादी आणि माजावर नसलेली मादी वासाने ओळखत होते, पण त्यांची पसंती मात्र बदललेली होती. त्यामुळे संप्रेरके नाकावर नव्हे, मेंदूतील इच्छेवर काम करतात, ही समजूत बळावली आणि ती फार काळ टिकली. १९९० च्या दशकात नाकातील त्या नळीसारख्या इंद्रियातील ग्राहींची, म्हणजे पदार्थ पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुके सापडली. २००२ साली या इंद्रियाचा संदेशमार्ग बंद केलेले नर उंदीर नर-मादी असा भेद न करता दोघांशीही समागमाचा प्रयत्न करू लागले, तेव्हा नाकाचे महत्त्व नव्याने पटले.

माझ्या मते खरे वळण २०१५ साली आले. घरउंदराच्या मादीचे माजचक्र चार-पाच दिवसांचे असते. माज ओसरल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे मादीचे संप्रेरक वाढते, आणि ते नराच्या मूत्रातील प्रथिनांना प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी नाकातच गप्प करते, असे त्या वर्षी दाखवून देण्यात आले. ग्राहीने पदार्थ पकडला तरी पेशीच्या आतला संदेश पुढे नेणारे विकर (एन्झाइम) मंदावते, त्यामुळे मेंदूपर्यंत काही पोहोचतच नाही. त्याच इंद्रियातील, मांजराची चाहूल टिपणाऱ्या पेशी मात्र जाग्याच राहतात. म्हणजे तोच थेंब, तीच मादी. एका दिवशी तिला नर जवळ असल्याचे कळते आणि दोन-तीन दिवसांनी जणू तो थेंब तेथे नाहीच. पतंगाच्या ल्युरसारखे एकच आमिष रोज सारखेच लागू पडेल, ही अपेक्षा येथे कोलमडते.

हे निष्कर्ष मुख्यतः प्रयोगशाळेत वाढवलेल्या घरउंदरांवरचे आहेत. बांधात बिळे करून भाताच्या लोंब्या साठवणारी घूस ही निराळी जात आहे, त्यामुळे ते तिला तसेच लावता येत नाहीत.