ठसका लागणारं तेल

एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे रिफाइन न केलेल्या, ऑलिव्ह ऑईलची नवी बाटली फोडली आणि चमचाभर तेल तसंच तोंडात घेतलं. जिभेला काही जाणवलं नाही. गिळलं मात्र, आणि घशात असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. आई लगेच म्हणाली, "खवट झालंय, परत देऊन ये." मी बाटली ठेवून घेतली. खवट तेलाला जुन्या शेंगदाण्यासारखा वास येतो. याला ताज्या हिरव्या पाल्याचा येत होता. आणि त्या ठसक्याची गोष्ट मला ठाऊक होती.

१९९९ साली सिसिलीतल्या एरिचे या गावी स्वयंपाकाच्या विज्ञानावर एक बैठक भरली होती. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतले गॅरी बोशॅम तिथे होते. चव आणि वास हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. नुकतंच काढलेलं ऑलिव्हचं तेल त्यांनी चाखलं, घसा चुरचुरला आणि ते चमकले. ही चुरचुर ओळखीची होती! सर्दीच्या पातळ औषधात आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घातलं तर ते कसं लागतं, हे तपासताना त्यांनी ते कितीदा तरी गिळलं होतं. तेही अगदी असंच, फक्त घशाला झोंबतं.

मग तेलातला तो झोंबणारा पदार्थ शोधून काढला गेला. नाव ठेवलं ओलिओकँथाल. पण झोंबतो तो हाच, हे ठरवायचं कसं? संशोधकांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि मक्याच्या साध्या तेलात मिसळून लोकांना दिला. घसे चुरचुरले, मात्रा वाढवली तशी चुरचुरही वाढली. शरीरात दाह आणि वेदना वाढवणारी जी विकरं (एन्झाइम) आयबुप्रोफेन अडवतं, तीच ओलिओकँथालही अडवतं, हेही दिसलं. २००५ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. जीभ सुटते आणि घसाच का सापडतो, याचं उत्तर २०११ मध्ये मिळालं: ओलिओकँथाल ओळखणारा ग्राहक-रेणू तोंडात सगळीकडे नसतो, तो घशाकडे एकवटलेला असतो.

म्हणून डोकं दुखलं की तेल प्यायचं, असं नव्हे. ५० ग्रॅम तेलातून मिळणारं ओलिओकँथाल हे आयबुप्रोफेनच्या वेदनाशामक डोसाच्या जेमतेम १० टक्के भरतं, आणि तेवढ्या तेलाबरोबर ४५० कॅलरी पोटात जातात. प्रश्न आहे तो थोडं थोडं, वर्षानुवर्षं खाण्याचा. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४५० लोकांवर 'प्रेडिमेड' ही मोठी चाचणी झाली. भूमध्य सागरी आहाराबरोबर भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि अशा कारणांनी होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. काही ठिकाणी गट पाडताना चुका झाल्याचं उघड झाल्यावर २०१३ चा तो निबंध मागे घेतला गेला आणि २०१८ मध्ये नव्यानं आकडेमोड करून पुन्हा छापला. निष्कर्ष बहुतेक तोच राहिला. तरी त्या लोकांच्या ताटात भाज्या, कडधान्यं, मासेही होते. सगळं श्रेय एकट्या तेलाला देणं मला पटत नाही.

आता आपल्या दुकानातली गंमत. या तेलातलं मुख्य मेदाम्ल, ओलिइक आम्ल, आपल्या शेंगदाणा तेलातही चांगलं ४०-५० टक्के असतं. तेवढ्यासाठी कुणी तिप्पट पैसे मोजू नयेत. जास्तीचे पैसे द्यायचे ते ओलिओकँथाल आणि त्याच्या फिनॉल भाऊबंदांसाठी, आणि रिफाइन करताना नेमके तेच निघून जातात. 'लाइट' लिहिलेल्या बाटलीत रंग आणि चव हलकी असते, कॅलरी तेवढ्याच. 'पोमेस' म्हणजे फळं पिळून उरलेल्या चोथ्यातून रसायनाच्या मदतीनं काढलेलं आणि मग रिफाइन केलेलं तेल. ते स्वस्त म्हणून आणून त्यात भजी तळणारे मी पाहिलेत. भजी छान होतात, पण ती शेंगदाणा तेलातही होतात.

उजेड आणि उष्णता हे फिनॉलचे वैरी. म्हणून बाटली गडद काचेची बघावी, गॅसजवळ ठेवू नये. आमची आता फडताळात मागे असते. कोशिंबिरीवर किंवा वाफाळत्या वरणावर वरून चमचाभर. आई अजून साजूक तुपाच्याच बाजूची आहे, आणि वरणाच्या बाबतीत मलाही तिच्याशी फार वाद घालता येत नाही.