प्रेफरन्स पॉइंट की बोनस पॉइंट? एल्कच्या सोडतीतली गल्लत

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी जमिनीवर एल्कची (हे एक मोठं हरीण) शिकार करता येते. मात्र नावाजलेल्या युनिटांचे (शिकारीसाठी आखलेल्या विभागांचे) टॅग, म्हणजे एक जनावर मारण्याचे परवाने, मोजकेच, आणि तेही सोडतीने. (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद, त्यामुळे डेन्व्हरला राहायला गेलेल्या मराठी माणसाला हा प्रकार अगदीच नवा.) टॅग लागला नाही की बहुतेक राज्यांत खात्यात एक पॉइंट जमा होतो. पण पॉइंट दोन जातींचे असतात. "माझे सात झाले" असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं: कुठल्या राज्यात?

कोलोरॅडोत असतील तर ते प्रेफरन्स पॉइंट. ही चक्क सेवाज्येष्ठतेची यादी. ज्याचे पॉइंट जास्त, त्याचा नंबर आधी. नशिबाचा प्रश्न येतो तो मुख्यतः सारखे पॉइंट असलेल्यांत. काही फार मागणीच्या हंटमध्ये (ठरावीक युनिटातल्या ठरावीक हंगामाच्या शिकारीत) थोडे टॅग चिठ्ठीवर ठेवतात, पण त्यावर भिस्त नको. वायव्येकडच्या 2, 10 आणि 201 या युनिटांना वीसहून जास्त पॉइंट लागतात आणि हा आकडा वाढतच चालला आहे. आज शून्यावर असलेल्याने त्यांचा नाद सोडावा, कमी पॉइंटांत मिळणारं युनिट घ्यावं आणि शिकार करून मोकळं व्हावं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पॉइंट खर्च होतात ते पहिल्या पसंतीचा टॅग लागला तरच. आणि गटाने अर्ज केलात तर गटात सर्वांत कमी पॉइंट ज्याचे, तेच सगळ्यांचे धरतात. नवख्या भाच्याला सोबत घेतलं की तुमचे बारा पॉइंट त्या अर्जापुरते शून्य!

नेवाडाचे बोनस पॉइंट वेगळे. तिथे पॉइंटांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात आणि संगणक तितके आकडे काढतो. तीन पॉइंटवाल्याला 10 आकडे, दहावाल्याला 101. प्रत्येकाचा सर्वांत लहान आकडा धरतात आणि ज्याचा आकडा लहान, त्याचा नंबर आधी. म्हणजे दहावाल्याचं पारडं जड खरं, पण पहिल्यांदाच अर्ज भरणाराही त्याच्या पुढे जाऊ शकतो. इथे 'अमुक वर्षी लागेल' असा हिशेब मांडू नये, अर्ज मात्र एकही वर्ष चुकवू नये.

नावावरही विसंबू नका. वायोमिंगमध्ये परराज्यातल्यांसाठी प्रेफरन्स पॉइंट आहेत, तरी त्यांच्या वाट्याचे 25 टक्के टॅग निव्वळ चिठ्ठीवर जातात. उलट युटामध्ये बोनस पॉइंट म्हणतात, पण लिमिटेड एंट्रीचे (मोजक्याच शिकाऱ्यांना सोडणाऱ्या युनिटांचे) निम्मे टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांनाच. मोंटानात तर परराज्यातल्यांना दोन्ही सांभाळावे लागतात: कॉम्बिनेशन लायसन्ससाठी (शिकारीच्या मूळ एकत्रित परवान्यासाठी) प्रेफरन्स, ठरावीक भागाच्या खास परमिटसाठी बोनस.

आयडाहो आणि न्यू मेक्सिकोत एल्कला पॉइंटच नाहीत. नवख्याने हे दोन अर्ज दरवर्षी भरावेतच, न्यू मेक्सिकोत आउटफिटरशिवाय (शिकारीची सोय करणाऱ्या व्यावसायिकाशिवाय) येणाऱ्या परराज्यातल्यांच्या वाट्याला जेमतेम 6 टक्के टॅग येत असले तरी.