कंट्रोलरवरचे लेबल आणि आतला प्रोग्राम

आमच्याकडून पंप कंट्रोलर घेणारे बरेच जण विचारतात, "सिंगल फेजचा आणि थ्री फेजचा डबा आतून सारखाच दिसतो, चिपही तीच, मग एकाची चिप काढून दुसऱ्यात घातली तर का चालत नाही?" प्रश्न रास्त आहे. चिप खरोखरच तीच आहे, वीस पायांची ८९सी२०५१. फरक पडतो तो तिच्यात प्रोग्राम भरण्याआधी.

सगळ्या मॉडेल्सचा प्रोग्राम आम्ही एकाच फाइलमध्ये, असेंब्ली भाषेत ठेवतो. फाइलच्या डोक्यावर काही नावांना ० किंवा १ अशी किंमत दिलेली असते: थ्री फेज आहे का, ड्राय रन संरक्षण (पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरू नये म्हणून) हवे का, टाकीत फ्लोट (पाण्याची पातळी कळवणारा तरंगता स्विच) आहे का. पुढे जागोजागी इफ, एल्स, एन्डइफ हे शब्द येतात. ते चिपसाठी नसतात. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या असेंब्लरला दिलेल्या त्या सूचना, म्हणजे डिरेक्टिव्ह. किंमत १ असेल तर मधल्या ओळी घे, ० असेल तर सोड. सोडलेल्या ओळींचा एक बाइटसुद्धा चिपमध्ये जात नाही.

चवथीच्या सामानाची वही आठवा. दीड दिवसाचा गणपती असेल तर इतके नारळ, पाच दिवसांचा असेल तर इतके, असे दोन्ही तिच्यात लिहिलेले असते. यंदा किती दिवसांचा ते पसरकाराच्या दुकानात जाण्याआधीच ठरलेले असते, आणि तेवढेच सामान पिशवीत पडते. घरी येऊन पिशवीत "असेल तर" शोधला तर तो कुठून सापडणार? तुमच्या विहिरीवरच्या चिपचे तसेच आहे. निवड आमच्या टेबलावर होऊन गेलेली असते.

सगळे पर्याय चिपमध्ये भरून डब्यावर एक स्विच का देत नाही, असेही विचारले जाते. एक कारण जागेचे: या चिपमध्ये प्रोग्रामसाठी जेमतेम २०४८ बाइट आहेत. पण जागा असती तरी आम्ही ते केले नसते. घाईत कोणी स्विच चुकीच्या बाजूला सरकवला, तर थ्री फेज मोटर एक फेज गेल्यावरही चालू राहील आणि वाइंडिंग जळेल.

या पद्धतीत चूक कुठे होते, तेही सांगायला हवे, कारण ती आमच्याकडून झाली आहे. पूर्वी आम्ही इफडेफ वापरत होतो. ते फक्त नाव अस्तित्वात आहे की नाही एवढेच पाहते. एकदा ड्राय रनच्या नावात एक अंडरस्कोअर राहून गेला. असेंब्लरने तक्रार केली नाही, शून्य चुका दाखवल्या आणि संरक्षणाचा सगळा भाग गुपचूप वगळला. तो डबा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात (पोफळीच्या बागेत) बसला. मे महिन्यात विहिरीचे पाणी तळाला गेले, पंप कोरडा फिरत राहिला आणि सील जळाले. पंप आम्ही भरून दिला; पण भर उन्हाळ्यात पोफळींचे पाणी तुटले, ते कसे भरून देणार?

तेव्हापासून प्रत्येक नावाला ० किंवा १ लिहावेच लागते आणि तपासणी इफनेच होते. आता नाव चुकले की आमचा असेंब्लर "हे नाव माहीत नाही" म्हणून तिथेच थांबतो. शिवाय चिप भरण्याआधी आम्ही लिस्टिंग, म्हणजे असेंब्लरने छापलेली ओळवार यादी, काढून डोळ्यांखालून घालतो. घेतलेल्या ओळीच्या डावीकडे पत्ता आणि बाइट छापलेले असतात, वगळलेल्या ओळीची डावी बाजू कोरी असते. ड्राय रनच्या ओळींसमोर कोरी जागा दिसली की कळते.

एका मॉडेलमधली बारीकशी दुरुस्ती करून द्यायलाही आम्ही दोन दिवस मागतो, ते यासाठीच. आमची चिप ८०५१ घराण्यातली. त्या घराण्यातली आखूड उडी, म्हणजे प्रोग्राममध्ये जवळच्या दुसऱ्या जागी जाण्याची सूचना, मागे १२८ आणि पुढे १२७ बाइटांपर्यंतच पोहोचते. एका मॉडेलमध्ये ती पोहोचते. दुसऱ्यात मध्ये जास्तीचा भाग आला की पोहोचत नाही. म्हणून दरवेळी सगळी मॉडेल्स नव्याने असेंबल करून बाकावर मोटर लावून पाहतो.

चिपवरच्या लेबलावर हीच ० आणि १ची रांग छापलेली असते. ते खरवडू नका. दुरुस्तीसाठी फोन करताना ती रांग वाचून दाखवा. मोटर बदललीत, विहिरीऐवजी बोअरवेल घेतलीत किंवा टाकीत फ्लोट बसवलात, तर नवी चिप लागेल. जुनी चिप सोबत आणा.