मिठाच्या पाण्यानी टी-शर्टचा प्रिंट पक्का होत नाही हो!

गणपती जवळ आले की इंदूरात मंडळांचे टी-शर्ट छापून येतात आणि घरोघरी तोच सल्ला सुरू होतो, आधी मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवा म्हणजे प्रिंट निघणार नाही. हे पार चुकीचं आहे, आणि यात नुकसान असं की छपाई कच्ची असली तरी दोष धुणाऱ्या बाईच्या माथी येतो.

स्क्रीन प्रिंटिंगमधे प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते, फ्रेमवर ताणलेली, तिच्यातून स्क्वीजीनी, म्हणजे रबरी पट्टीनी, शाई दाबून कपड्यावर उतरवतात. आता यात प्लास्टिसॉल, म्हणजे प्लास्टिकची शाई असेल तर ती हवेत वाळतच नाही, तिला उष्णता लागते, साधारण १६० अंश सेल्सिअस, आणि तेवढी शाईच्या तळापर्यंत पोचायला हवी. घाईघाईत ऑर्डर काढली की वरचा थर हाताला कोरडा लागतो पण आतून शाई कच्चीच राहते, मग दोन-चार धुण्यांत तडे जातात न् पापुद्रे निघतात. मीठ त्याला काय करणार?

डिलिव्हरी घेतानाच एक टी-शर्ट हातात घेऊन प्रिंट हलकेच ताणून बघा. प्रिंट कापडाबरोबर ताणला जाऊन परत जागेवर आला तर ठीक, चरचर तडे गेले तर सगळा गठ्ठा दुकानदाराला परत शाई तापवायच्या मशीनमधून काढायला सांगा, सांगायला लाजू नका.

भरतकामाच्या लोगोला तर हा प्रश्नच नाही, तिथे शाईच नसते, दोराच असतो.

घरी फक्त टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा, प्रिंटवर थेट इस्त्री नको.