वर्तमानपत्राच्याही आधी आलेले वाचनालय
पार्श्वभूमी

मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. रत्नागिरीत सार्वजनिक वाचनालय उघडले ते १८२८ साली. म्हणजे वाचायला मराठी वर्तमानपत्र नव्हते, छापील मराठी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि तरी कोकणातल्या एका गावात लोकांनी एकत्र बसून वाचायची जागा तयार झाली होती. ‘सगळे मोबाइलवर मिळते, मग वाचनालय कशाला?’ हा प्रश्न हल्ली दर सहा महिन्यांनी कुठे ना कुठे विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना या तारखा हाताशी असाव्यात. पुस्तके भरपूर झाली म्हणून ठेवायला जागा हवी, अशा गरजेतून आपल्याकडची वाचनालये निघालेली नाहीत.

रत्नागिरीनंतर अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०), सोलापूर (१८५३) अशी ही रांग लागते. सोलापूरचे वाचनालय निघाले त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. मुंबई विद्यापीठ यायला अजून चार वर्षे होती. तिकडे पोर्तुगीजांच्या पणजीत १८३२ मध्ये ‘पब्लिका लिव्रारिया’ सुरू झाली. आजचे गोव्याचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच.

ब्रिटिश मुलखातल्या या संस्थांचे सुरुवातीचे नाव बहुतेक ठिकाणी एकच होते, ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. पुढाकार बऱ्याचदा गोऱ्या अधिकाऱ्यांचा, पैसा गावातल्या सरदार, सावकार, वकील आणि कारकून मंडळींचा. पुण्यात गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, या खटपटीत पुढे होते. ज्या १८४८ सालात ते ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहू लागले आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्याच सालातली ही लायब्ररी. आज ती पुणे नगर वाचन मंदिर म्हणून चालते.

या लायब्रऱ्यांनी पुस्तकांपलीकडे एक गोष्ट गावात आणली, तिच्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष तसे कमीच गेले आहे. वर्गणीदार, त्यांची सर्वसाधारण सभा, सभेने निवडलेले कार्यकारी मंडळ, कार्यवाह, वार्षिक अहवाल, तपासलेला हिशोब. नगरपालिकेत लोकांनी निवडलेले सभासद बसायला लागले त्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी मतदान करून एक सार्वजनिक संस्था चालवून पाहिली ती इथे. तो वारसा अजून शाबूत आहे, कधी कधी जरा जास्तच. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, ‘सावाना’ची, निवडणूक ज्याने पाहिली आहे त्याला पॅनेल, प्रचारपत्रके आणि आरोप-प्रत्यारोप काय असतात ते वेगळे सांगायला नको. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. लोक भांडतात ते आपल्या मालकीच्या संस्थेसाठी. ॲपच्या अटी बदलल्या म्हणून सर्वसाधारण सभा कुणी बोलावत नाही.

या पहिल्या पिढीतल्या लायब्रऱ्यांच्या कपाटांत इंग्रजीच जास्त होते. मराठी पुस्तक छापले जाई, विकले जाई आणि नाहीसे होई. ही खंत मनात धरून १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्यामागे होते विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांचे मित्र. हेतू सरळ होता: मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एका जागी जमवायचे, बरे-वाईट न पाहता. पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १८९८ ला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. तिथे पुढे १८६७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांचा, म्हणजे दोलामुद्रितांचा, जो साठा झाला त्यावर अभ्यासकांच्या पिढ्या पोसल्या. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची जी सूची १९४३ मध्ये छापली, ती या आणि अशा ग्रंथालयांच्या कपाटांवाचून होणेच शक्य नव्हते. मराठीत काय काय लिहिले गेले, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते या खटाटोपामुळे.

इथेच डिजिटलचा मुद्दा येतो. जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांतली कुठलीही उघडून पाहा. मुखपृष्ठानंतरच्या पानावर एक गोल शिक्का असतो, जरा तिरका बसलेला, शाई फुटलेली. त्याखाली हाताने लिहिलेला दाखल क्रमांक. शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी, १९५२, १९५३, मग एकदम १९७१. ही स्कॅन कुणाच्या घरातल्या पुस्तकाची नाही, कुठल्याशा वाचनालयाच्या प्रतीची आहे. इंटरनेटवर आलेले जुने मराठी बहुतांशी या शिक्क्यातून आले आहे.

आणि जे आले नाही ते फार मोठे आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे विसाव्या शतकातले, विशेषतः स्वातंत्र्यानंतरचे, पुष्कळ मराठी साहित्य मुक्तपणे स्कॅन करून टाकता येत नाही. प्रकाशकाकडे आवृत्ती संपलेली, नवी काढणे परवडत नाही, ई-पुस्तक कधी निघालेच नाही, वारस कोण ते माहीत नाही. १९६०-७० मधला एखादा चांगला पण फारसा न गाजलेला कथासंग्रह हवा असेल तर तो आज एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता, तालुक्याच्या वाचनालयातल्या मागच्या कपाटात, कसर लागलेल्या बांधणीत. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘सगळे ऑनलाइन आहे’ म्हणणे काही प्रमाणात शोभते. मराठी वाचणाऱ्याला नाही.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. ‘सार्वजनिक’ म्हणवणारी ही वाचनालये सगळ्या जनांची नव्हती. वर्गणी देऊ शकणारा, लिहिता-वाचता येणारा आणि त्या सभेत ज्याच्या शेजारी बसायला इतरांची हरकत नसेल असा पुरुष, एवढ्यांचीच ती. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हेही होते. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांचा विचार करून. दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांची जी प्रचंड विक्री होते, आणि वस्त्यांमधल्या विहारांत ज्या अभ्यासिका चालतात, त्यांचे मूळ त्या विचारात आहे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या वाचनालयांच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण. एरवीच्या गौरवग्रंथांत त्याला परिच्छेदभरही जागा मिळत नाही.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी निराळा मार्ग धरला. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालाला बोलावले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले. गावाने पैसे उभे करावेत, तेवढीच भर प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने, अशी पद्धत होती. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. निजामाच्या मराठवाड्यात चित्र उलटे. तिथे सभा-संमेलनांवर बंधने होती, म्हणून परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या (१९०१) संस्थांना आपोआप वेगळे वजन आले. चार माणसे पेपर वाचायला जमली, तर त्याला सभा म्हणणे पोलिसांना जड जाई.

स्वातंत्र्याच्या आधी मुंबई सरकारने १९३९ मध्ये ग्रंथालयांचा विचार करायला फैजी समिती नेमली, कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला, पण आजची व्यवस्था उभी आहे ती १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमावर. हा कायदा करताना आपण एक निवड केली. तामिळनाडूत, म्हणजे तेव्हाच्या मद्रास प्रांतात, १९४८ चा कायदा आला तो मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावून; तिथे सार्वजनिक यंत्रणाच ग्रंथालये चालवते. महाराष्ट्राने उपकर लावला नाही. इथे ग्रंथालय काढायचे आणि चालवायचे लोकांनी, सरकारने ते तपासून अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान. १८२८ पासून चालत आलेल्या वर्गणीदारांच्या पद्धतीलाच कायद्याने मान दिला असे म्हणता येईल. सरकारने जबाबदारी अंगाबाहेर टाकली असेही म्हणता येईल. दोन्ही खरे आहे.

या पद्धतीने संख्या वाढवली. राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालये बारा हजारांच्या घरात गेली. त्यांतली काही कागदावरच होती, हेही सांगायला हवे. २०१२ च्या पडताळणीत पुष्कळ त्रुटी निघाल्या आणि नव्या मान्यता आणि वर्गबदल बरीच वर्षे थांबले. त्याचा फटका बसला तो खरोखर काम करणाऱ्या नव्या मंडळींना.

जी चालतात ती आज कशासाठी वापरली जातात? देवघेव विभागातली गर्दी ओसरली आहे, यात शंका नाही. दुपारी तीनला गेलात तर खिडकीपाशी दोन आजी आणि एखादी गृहिणी. पण मुक्तद्वार विभाग पाहा. तिथे सभासदत्व लागत नाही, अनामत लागत नाही. उतरत्या फळीवर लावलेली वर्तमानपत्रे कुणीही येऊन उभ्याने वाचावीत. निवृत्त माणसे अग्रलेख वाचतात, पोरे भरतीच्या जाहिराती. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नीट. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे, एक टीव्ही. रात्री अकरापर्यंत दिवा, पंखा आणि शांतता मिळायची दुसरी जागा गावात नसते. ही मुले कपाटातल्या कादंबऱ्यांना हात लावत नाहीत, अशी तक्रार जुने सभासद करतात. मला ती पटत नाही. मोबाइलवरचीच टिपणे वाचायची असली तरी टेबल, खुर्ची आणि चार्जिंगचा सॉकेट लागतोच, आणि तो महिना शे-दोनशे रुपयांत देणारी संस्था गावात असणे ही काही किरकोळ गोष्ट नाही.

आणि दिवाळी अंक. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. आज एकेका अंकाची किंमत अशी की घरात दोन-तीनच्या वर कुणी घेत नाही. वाचनालयात थोडी वेगळी वर्गणी भरली की शेकडो अंक होळीपर्यंत आळीपाळीने घरी येतात. एकेक अंक तीस-चाळीस घरे फिरतो, कोपरे दुमडतात, शब्दकोडे कुणीतरी पेनाने सोडवून ठेवलेले असते, आणि पुढच्या वर्षी कुठल्या अंकाच्या जास्त प्रती घ्यायच्या हे ग्रंथपालाला त्यावरून कळते.

या जागा मोडल्या की गावाला काय वाटते हे पुरांनी दाखवले. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, ‘लोटिस्मा’, १८६४ चे. वाशिष्ठीचे पाणी २००५ मध्ये त्यात शिरले. संस्था सावरली, आणि जानेवारी २०१३ मध्ये तिने ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरवून दाखवले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयात २०१९ च्या महापुरात पुस्तकांचा लगदा झाला. स्वतःच्या घरातला चिखल काढून झाल्यावर लोक ग्रंथालयाकडे वळले, बाहेरगावांहून पुस्तकांचे खोके आले.

राहता राहिला पैसा. २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली. खेड्यातले वाचनालय बहुधा ‘ड’ वर्गात असते. त्याचे वर्षाचे अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झाले. त्यातले निम्मे वेतनासाठी, निम्मे पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि इतर खर्चासाठी. म्हणजे त्या हिशोबाने ग्रंथपालाला महिन्याला २ हजार रुपये, तेही अनुदानाचा हप्ता आला तर. कुलूप उघडणे, झाडणे, दाखल नोंदवही लिहिणे, वाळवी बघणे, अभ्यासिकेतल्या मुलांना अकरा वाजता हाकलणे ही कामे त्याच माणसाची. जुन्या पुस्तकांची स्कॅन करायची ठरली की कपाटातून ती काढून, धूळ पुसून, फाटकी पाने जपून मशीनखाली ठेवायला पुन्हा तोच.