कापसाची रजई आणि फायबरची रजई: दुकानात सारख्या, अंगावर वेगळ्या

दिवाळीनंतर मावशीनं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारातून एक रजई आणली. "प्युअर कॉटन हाय मावशी, हात लावून बघा की," असं दुकानदारानं सांगितलेलं, आणि पिशवीवरही मोठ्या अक्षरात कॉटन छापलेलं. पंधरा दिवसांत तिची कुरकुर सुरू झाली. रात्री दहाला घाम फुटतो, पांघरूण फेकून द्यावंसं वाटतं आणि पहाटे चारला तेच पांघरूण शोधत बसावं लागतं. शेवटी तिनं कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवली. आत पांढरंशुभ्र, चमकणारं, बोटांतून निसटणारं काहीतरी. फायबर. "म्हणजे फसवलं की मला!" मी पिशवी पुन्हा वाचली. वरचं कापड शंभर टक्के कॉटन होतं, छापलेलं खरंच होतं. आतलं भरण पॉलिएस्टर, हे खाली बारीक अक्षरात.

सगळा घोटाळा इथंच होतो. रजईला दोन अंगं असतात, खोळ आणि भरण, आणि 'कॉटन' हा शब्द बहुतेक वेळा खोळीबद्दल असतो. आपल्याकडं तर सुती कापडाला तोटा नाही. इचलकरंजी शेजारी, तिथं १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि तेव्हापासून सुती कापड हे त्या गावाचं पोट आहे. त्यामुळं रजईला हात लावला की हाताला सुतीच लागतं. ऊब मात्र देतं ते आतलं भरण, आणि त्याला हात लागतच नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "कॉटन आहे का?" असा विचारू नये. "आत काय भरलंय?" असं विचारावं.

आता ऊब कुठून येते ते बघू, कारण "कापूस गरम की फायबर गरम" या वादात लोक विनाकारण अडकतात. गरम दोन्हीही नसतात. गरम आपलं अंग असतं. रजईचं काम एवढंच, की तंतूंच्या जाळ्यात हवा अडकवून ठेवायची. अडकलेली, न हलणारी हवा उष्णता फार हळू बाहेर जाऊ देते. तंतू जितके फुललेले तितकी हवा जास्त, तितकी ऊब जास्त. दाबून चपटी झालेली रजई वजनाला तेवढीच भरते, पण हवा गेली की ऊबही गेली. म्हणजे खरा प्रश्न असा: हे भरण किती दिवस फुललेलं राहतं, आणि घामाचं, दमटपणाचं काय करतं?

कापूस पाणी पितो. कोरडा दिसणारा कापूसही हवेतली ओल धरून असतो, वजनाच्या साधारण सात-आठ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. झोपेत अंगातून जी वाफ निघते ती कापूस शोषतो आणि हळूहळू बाहेर सोडतो, म्हणून अंग चिकट होत नाही. पॉलिएस्टरला ते जमत नाही, मावशीचा दहा वाजताचा घाम यातूनच आला. कोल्हापूरची थंडी काही महाबळेश्वरची नव्हे. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान साधारण १४-१५ अंशांच्या आसपास, दुपारी तिशीला टेकतं. रात्री झोपताना भिंती अजून कोमट असतात आणि खरा गारठा पहाटेचा. नदीकाठच्या, उसाच्या रानाला लागून असलेल्या घरांना तो जास्तच बोचतो. अशा चढउताराच्या रात्रीला कापूस बरा सांभाळून घेतो. शिवाय त्याला वजन असतं. एकेरी रजईत दीड-दोन किलो कापूस असला की ती अंगावर बसते, खांद्यापाशी, पायापाशी फट ठेवत नाही. हलकी फायबरची रजई कमानीसारखी वर राहते आणि कूस बदलली की बाजूनं वारं आत येतं. आजीच्या वाकळेची ऊब आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वाकळेत तर भरणही नसतं, जुन्या लुगड्यांचे थरच एकमेकांत हवा धरून ठेवतात.

कापसाचा दोष पण त्याच पाणी पिण्यात आहे. जून ते सप्टेंबर इथं कपाटातला पापडसुद्धा मऊ पडतो, तर रजईचं काय होत असेल! पावसाळाभर बंद कपाटात राहिलेली कापसाची रजई नोव्हेंबरात काढली की जड लागते आणि कुबट वास मारते. ओल्या तंतूंचं फुलणं संपलेलं असतं. तिला उपाय एकच, ऊन. दोन-तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायची आणि काठीनं हलकी झोडपायची. गच्ची नाही, खिडकीत ऊन येत नाही, अशा फ्लॅटमध्ये कापसाची रजई पाळणं खरंच अवघड आहे. आणि ती धुता येत नाही. मशीनमध्ये घातली की कापसाच्या गठळ्या होतात, वाळायला चार दिवस लागतात, आणि मधेच आतून बुरशी धरते.

पण कापसाला एक गोष्ट आहे जी फायबरला कधीच यायची नाही. तो पुन्हा पिंजता येतो. पूर्वी पिंजारी दारात यायचे, खांद्यावर धनुष्यासारखी पिंजण, आणि तिच्या तातीचा तो टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा. आता गादी कारखान्यात मशीनवर पिंजतात. दहा वर्षांच्या चपट्या रजईतला कापूस पिंजला, थोडी तूट भरून काढली, नवी खोळ घातली, टाके मारले की रजई नवी. आईच्या गादीतला कापूस मुलीच्या रजईत जातो, हे आपल्या घरांत घडत आलंय. मला यासाठी कापूस मनापासून आवडतो.

फायबरची बाजूही नीट ऐकली पाहिजे. चांगल्या रजईतलं पॉलिएस्टर साधं नसतं. तंतू आतून पोकळ असतो, स्प्रिंगसारखा वळवलेला असतो आणि त्यावर सिलिकॉनचा पातळ थर असतो, म्हणून तंतू एकमेकांवरून घसरतात आणि दाब निघाला की पुन्हा फुगतात. कमी वजनात जास्त हवा, असं हे गणित. पिशवीवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. पाच फूट बाय सात फुटांची रजई सव्वातीन चौरस मीटर भरते, म्हणजे २०० जीएसएमला भरण साधारण ६५० ग्रॅम. कोल्हापूरच्या बंद खोलीला १५० ते २०० पुष्कळ झालं. ३०० चं घेऊन लोक इथं घाम गाळतात.

फायबर धुता येतं, आणि दुसऱ्या दिवशी वाळतं. याची किंमत आम्हाला ऑगस्ट २०१९ मध्ये कळली. पंचगंगेचं पाणी घरात कमरेपर्यंत होतं. पूर ओसरल्यावर कापसाच्या तिन्ही गाद्या आणि दोन रजया चिखलासकट रस्त्यावर टाकाव्या लागल्या. चौघांनी उचलूनही हलत नव्हत्या, इतकं पाणी प्यालेल्या. फायबरची एकच होती. तीन वेळा धुतली, वाळली, आणि मुलं त्या रात्री तिच्यातच झोपली. दमेकरी घरात असेल तरी मी फायबरच सांगेन, कारण धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, साठेक अंशाच्या गरम पाण्यात मरतात आणि तसं धुणं कापसाला झेपत नाही. लेबलवर तेवढं गरम पाणी चालतं का, ते मात्र आधी बघावं.

फायबर म्हातारं झालं की मात्र गेलंच. काही वर्षांनी तंतूंची वळणं सरळ होतात, ते एकमेकांत गुंतून गोळे धरतात, आणि ते पिंजून परत आणणारा कोणी नाही. दुसरी गोष्ट विस्तवाची. गुऱ्हाळावर, रानात, अंगणात शेकोटीपाशी फायबर पांघरून बसू नये. कापूस पेटतो, धुमसतो, तोही धोकाच आहे, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. शेकोटीपाशी घोंगडं हवं. लोकर सहजी पेट घेत नाही.

ओळखायचं कसं? शिवणीतून दोन-चार तंतू ओढून घ्या, चिमट्यात धरून काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागं मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, आणि गार झालं की काळा टणक मणी राहतो. दोन्ही खुणा एकदम दिसल्या तर मिश्रण. आणि आत रंगीबेरंगी धागे दिसले तर ते कपड्यांच्या चिंध्या फाडून केलेलं भरण आहे. स्वस्त असतं, जड असतं, आणि त्यात हवा फारशी राहत नाही. ते घेऊ नका. सावरीचा कापूस कोणी दाखवला तर तो उशीसाठी घ्या. फार गुळगुळीत असतो, रजईत एका कोपऱ्याला जाऊन बसतो.

भरण कोणतंही असो, टाके मोजायला विसरू नका. उजेडाकडं धरून बघितलं तर भरण सरकून पारदर्शक झालेल्या जागा लगेच दिसतात. कापसाच्या रजईला वितीवितीला टाका हवा. फायबरला चौकोनी शिवण हवी, नुसत्या उभ्या रेघा नकोत.

मावशीनं ती रजई परत केली नाही. तिचा नातू पुण्यात हॉस्टेलला असतो, तिथं गच्ची नाही आणि वॉशिंग मशीन आहे, त्याच्याकडं पाठवली. स्वतःसाठी माळ्यावरची जुनी गादी खाली काढली. कारखानदारानं कापूस उलगडून, ओढून बघितला, म्हणाला, "चांगला हाय वहिनी, टाकू नका." दोन किलो पिंजून घेतला, इचलकरंजीच्या मांजरपाटाची खोळ शिवून घेतली. परवा पहाटे फोनवर बोलताना तिनं एवढंच विचारलं, पावसाळ्यात ती कपाटात ठेवायची की माळ्यावर. मी म्हटलं, माळ्यावर, सुती चादरीत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, आणि श्रावणात ऊन पडलं की एकदा बाहेर काढ.