जागलीवरची वही

"तुम्ही लिहिता कधी?" शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खिडकी, टेबल, वाफाळता चहा असं काहीतरी असावं. माझं उत्तर ऐकून पोरं हसतात. मी लिहितो हरभऱ्याला पाणी देताना. रब्बीत आमच्याकडे आठवडाआड रात्रीची लाइन, म्हणजे शेतपंपाची वीज, असते. स्प्रिंकलरचे पाइप एकदा लावले की दोन-अडीच तास बसून राहायचं, मग चिखलात उतरून ते उचलायचे आणि पुढच्या पट्ट्यात टाकायचे. मधल्या वेळात डोक्याला बॅटरी बांधून वही उघडायची. खरिपात तेच काम जागलीवर. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, वावरात शिरू नयेत म्हणून मचाणावर बसायचं, मधून मधून टिनाचा डबा बडवायचा. एका बैठकीत दोन पानं झाली तर रात्र चांगली गेली म्हणायची.

यावरून लोक लगेच ठरवून टाकतात की वेळ नाही म्हणून गावाकडचा माणूस कादंबरीच्या वाटेला जात नाही, कथाच लिहितो. काही वर्षं मलाही तसंच वाटायचं. पण आमच्याकडची, म्हणजे विदर्भातली, गोष्ट आखूड आहे याचं कारण वेगळं आणि बरंच जुनं आहे. ती कागदावर आली त्याच्या कितीतरी आधी ती तोंडी होती, आणि सांगणाऱ्याचेही हात कामातच होते.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे, म्हणून नाव पेपरात दिसतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचं 'लीळाचरित्र' उभं केलं ते याच परिसरात, आणि त्यांची कामाची पद्धत मला फार जवळची वाटते. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांच्या आठवणी कुणा एकाकडे नव्हत्या. त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडे होत्या, तशा गावोगावच्या भक्तांकडेही होत्या. ज्याच्या समोर प्रसंग घडला त्याला गाठायचं, त्याच्याकडून ऐकायचं, दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहायचं, मग लिहायचं. म्हणून त्यातल्या कित्येक लीळा चार-सहा ओळींच्या आहेत. कुणी काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, संपलं. पाल्हाळ नाही. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त तर चक्रधरांचे ११४ दृष्टांत वेगळे काढून ठेवले आहेत. हत्ती चाचपणारे आंधळे त्यातच भेटतात. मराठीत कथा कुठून आली हे शिकवताना पाश्चात्त्य वळणापासून सुरुवात करायची पद्धत आहे. इकडच्या लेखकाने आधी रिद्धपूरला एक चक्कर मारावी असं माझं मत आहे, मग बाकीचं वाचावं.

त्यानंतरची कित्येक शतकं गोष्ट बायकांच्या आणि कीर्तनकारांच्या ताब्यात होती. 'आटपाट नगर होतं' म्हणून सुरू होणारी आणि 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणून थांबणारी कहाणी आमच्या घरात दर श्रावणात व्हायची. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी. त्यात सासर-माहेर, रुसवे, टोमणे, सगळा संसार संवादातच चालतो. आणि गाडगेबाबा. अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस कीर्तनात व्याख्यान देत नसे, प्रश्न विचारी. समोरच्या माणसांकडून उत्तर काढी, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न टाकी, आणि लोक हसता हसता गप्प होत. ठेठ वऱ्हाडीत. संवाद कसा लिहावा हे मी पुस्तकांतून शिकलो नाही. आमच्या आजाला गाडगेबाबांची कीर्तनं पाठ होती, तो दोन्ही बाजू करून दाखवायचा.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत हाच ओघ दंडार या लोकनाट्याकडे आणि नाटकाकडे वळला. दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्या रात्र-रात्र गावं जागवतात. तिकडच्या लिहिणाऱ्याला पहिला वाचक भेटत नाही, पहिला प्रेक्षक भेटतो. तो विषय स्वतंत्र आहे.

छापील कथा मात्र आमच्याकडे आगगाडीने आणि टपालाने आली. मासिकं पुण्या-मुंबईची. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेचं वर्ष दिवाळीला बांधलं गेलं. शहरात बसून हे सोयीचं असेल. इकडे त्यामुळे एक विचित्र कुचंबणा झाली, ती आजही आहे. दिवाळी अंकाची कथा जुलै-ऑगस्टात द्यायची असते. नेमकं तेव्हाच पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण माजलेलं असतं, डवरणी आणि निंदण एकाच वेळी अंगावर येतात, मजूर मिळत नाही. संपादकांचा फोन येतो तेव्हा मी धुऱ्यावर असतो आणि पायाला गोटा-गोटा माती चिकटलेली असते. म्हणून दिवाळीची कथा मी उन्हाळ्यातच लिहून ठेवतो. नांगरणी झाली, वावर तापत पडलं की दुपारी लिंबाखाली खाट टाकायची. पावसाळ्यात तिच्यावर फक्त खोडाखोड.

१४ जानेवारी १९२३ ला अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. पुढे त्याचं 'युगवाणी' हे नियतकालिक आलं, १९४८ मध्ये नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, आणि इकडच्या लिहिणाऱ्यांना जवळची दारं मिळाली. तोवर नरखेडच्या वामन चोरघड्यांनी कथेला आपलं वळण दिलंच होतं. नरखेड म्हणजे संत्र्यांचा पट्टा. १९१४ चा जन्म, गांधींच्या विचारांत वाढलेले, पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक, १९७९ च्या चंद्रपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांची कथा लहान, हळुवार, जवळजवळ कवितेसारखी. मात्र तिची भाषा बरीचशी प्रमाण आहे.

वऱ्हाडीने दुःख पेलायला वेळ लागला. हे थोडं थांबून सांगायला हवं. मंचावर वऱ्हाडी म्हटली की लोक हसायच्या तयारीनेच बसतात. 'मले', 'तुले', 'काहून', 'करून रायला' असं काही कानावर पडलं की हशा. विनोदी कथाकथनाने बोलीला गावोगाव नेलं हे खरं, पण त्याच बोलीत कुणी रडत असेल तर ऐकायचं कसं, हे श्रोत्यांना कळेनासं झालं. म्हणून १९६० साली आलेली उद्धव शेळक्यांची 'धग' मला मोठी वाटते. ती कादंबरी आहे, कथा नाही. पण तिच्यातली कौतिक वऱ्हाडीतच भांडते, वऱ्हाडीतच संसार ओढते, आणि कुणालाही हसू येत नाही. त्यानंतर बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख आले. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'बारोमास' या कादंबरीला मिळाला, पण त्यांचे कथासंग्रह तितकेच वाचण्यासारखे आहेत. त्यांच्याकडे शेतकरी कुणाच्या दयेचा विषय होत नाही. त्याच्या घरात पैशावरून भांडणं होतात, शिकलेला मुलगा आणि अंगठाबहाद्दर बाप एकमेकांना टोचून बोलतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण मधल्या काळात विदर्भातून कथा आली की ती आत्महत्येचीच असावी अशी अपेक्षा बाहेर तयार झाली. एकदा मी गावच्या लग्नातल्या पंगतीवर कथा पाठवली. "तुमच्या भागातलं काही द्या ना," असं उत्तर आलं. पंगत आमच्याच भागातली होती.

बाकी सवयी साध्या आहेत. गावात 'ड' वर्ग वाचनालय आहे, एक खोली आणि तीन कपाटं. दिवाळी अंक तिथे डिसेंबर उजाडल्यावर पोचतात, तोवर कापसाची वेचणी जोरात असते. एसटीत मी खिडकीजवळ बसत नाही, मधल्या सीटवर बसतो. बोलणी तिथे दोन्हीकडून ऐकू येतात. ऐकलेलं वाक्य त्याच दिवशी लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या दिवशी ते आपोआप पुस्तकी होऊन बसतं. आणि कथा पूर्ण झाली की मोठी मायला वाचून दाखवतो. वय ऐंशीच्या पुढे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

मागे एका दिवाळी अंकात माझी कथा छापून आली. माझ्या वहीत म्हातारी म्हणते, "मले काहून सांगून रायला?" अंकात ती म्हणत होती, "मला का सांगतो आहेस?" डोयाचा डोळा झाला होता, कायाचा काळा. मला विचारलं नव्हतं. अंक घेऊन मी आंगणात बसलो. मोठी माय सुपात तुरी पाखडत होती. सगळी कथा तिने शेवटपर्यंत ऐकली, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "थे बुढी कोन्या गावची होय रे?"

आत जाऊन मी वही आणली आणि तीच कथा वहीतून परत वाचली. आता ती मध्ये मध्ये हुंकार देत होती. एका ठिकाणी मी 'पऱ्हाटीची बोंडं फुटली' असं लिहिलं होतं. तिने हात वर करून थांबवलं.

"बोंडं उलतेत बापू. फुटते थे डोक्सं."

सुपातल्या तुरीवर वही टेकवून मी 'फुटली' खोडलं.